‘छ्र’ म्हणजे खाणे

सोलापुरात चिनी भाषेचा वर्ग चालवून मी संसार केला, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग ही थट्टा नाही हे लक्षात आलं की विचारतो, “पण शिकायला यायचं कोण?” एकदा बँकेच्या अर्जावर ‘व्यवसाय’पुढे मी खरं ते लिहिलं. साहेबांनी मला आत बोलावलं, चहा पाजला आणि शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना मला बघायला बोलावलं. तेव्हापासून मी नुसतं ‘शिक्षक’ लिहितो.

चिनी मी चीनच्या ओढीनं शिकलो नाही. पुण्यात कॉलेजात असताना जर्मनसाठी नाव घालायला गेलो होतो. जर्मनची बॅच भरली होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “चिनीला जागा आहे. कितीही आहे.” मला मुळात फार बोलायला आवडत नाही, आणि ही भाषा बोलायची कमी नि बघायची जास्त असावी असा माझा समज झाला. समज चुकीचा होता, पण तो दूर होईपर्यंत फी भरून झाली होती.

सोलापूरला परत आलो तेव्हा या शिक्षणाचं काय करायचं हे मलाही माहीत नव्हतं. ते मागांनी ठरवलं. टॉवेलच्या कारखान्यांत चिनी यंत्रमाग यायला लागले. मागाबरोबर एक जाडजूड पुस्तक यायचं, आणि त्यातलं इंग्रजी असं असायचं की त्यापेक्षा चिनी बरं. मी ते वाचून दाखवायला जाऊ लागलो. मग मिस्त्री शिकायला आले, मग डॉक्टर व्हायला चीनला निघालेली मुलं आली. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यामध्ये एक पडदा होता.

आता धंद्याचं गुपित सांगायला हरकत नाही, कारण त्याला गिऱ्हाईक उरलेलं नाही.

चिनी भाषेत हजारो अक्षरं आहेत हे ऐकून लोक पळ काढतात. अक्षरं हजारो आहेत हे खरंच, पण त्यांतली बहुतेक एकटी राहत नाहीत. दोन-दोन मिळून संसार करतात. ‘त्येन’ म्हणजे वीज. (माझे हे देवनागरी उच्चार कुणा चिनी माणसाला वाचून दाखवू नका, त्याला त्रास होईल.) विजेशेजारी ‘बोलणं’ बसवलं की टेलिफोन. विजेशेजारी मेंदू, की कॉम्प्युटर. विजेशेजारी सावली, की सिनेमा. विजेशेजारी शिडी, की लिफ्ट. एक वीज नीट ओळखीची झाली की तिच्या घरातली सगळी माणसं दारात येऊन ‘या’ म्हणतात. लग्नात आपण काय करतो? नवरीच्या मामाला ओळखतो, मग त्याच्या शेजारची मामी आपोआप कळते. मी शब्द पाठ करून घेत नसे. मी मांडवात फिरवून नाती दाखवत असे.

‘हुओ’ म्हणजे आग. आगीची गाडी म्हणजे रेल्वे. हे सांगितलं की पोरं म्हणायची, कसले विचित्र लोक आहेत. मी विचारायचो, आगगाडी हा शब्द कुठल्या भाषेतला? मग पोरं मान खाली घालून अक्षर गिरवायला लागायची.

अक्षरांची कार्डं आम्ही घरीच करायचो. नवी पेठेत पत्रिका छापणारा एक ओळखीचा होता, त्याच्याकडे चुकलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग असायचा. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचा मुहूर्त. मागची बाजू कोरी. माझी बायको कुंदा त्या कापून द्यायची. त्यामुळे एका बाजूला वीज आणि उलट्या बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. तिला माझ्या या उद्योगाचं कौतुक बेताचंच होतं. “आजवर एक चिनी माणूस आपल्या दारावरून गेलेला नाही,” ती म्हणायची, “पण उद्या गेलाच तर त्याला या सगळ्या लग्नांची आमंत्रणं आहेत.”

या पद्धतीत एक खोट होती, तीही सांगतो. शब्द जोडून बनतात हे कळलं की विद्यार्थी स्वतःच जोडायला लागतात. माझा एक विद्यार्थी तिकडे वैद्यकीय शिकायला गेला आणि तिथल्या फिक्या जेवणाला कंटाळून एका हॉटेलात झणझणीत रस्सा मागायला लागला. ‘झणझणीत’ येत नव्हतं. त्यानं आग आणि सूप जोडलं. वेटर बराच वेळ विचार करून आत गेला आणि पेटत्या शेगडीसकट सूप घेऊन आला. पोरानं मला फोन केला, “सर, शब्द लागू पडला, पण चव तीच आहे.”

सगळ्यांत रमायचे ते ‘शिन’मध्ये. शिन म्हणजे काळीज. काळीज उघडलं की आनंद. काळीज जाड असलं की निष्काळजी माणूस. काळीज खांद्यावर वाहत हिंडणं म्हणजे काळजी करणं, आणि काळीज खाली ठेवणं म्हणजे निर्धास्त होणं. मी म्हणायचो, आपलंही तेच आहे, आपण जीव टांगणीला लावतो आणि मग तो भांड्यात पाडतो. चिनी माणूस नुसता खाली ठेवतो, भांडं शोधत बसत नाही. पडद्याआडून कुंदाचा आवाज यायचा, “भांडी घासायला लागत नसतील त्यांना.”

ती एक अक्षर लिहायला शिकली नाही. पण इतकी वर्षं पडद्याआड ऐकून तिला सगळं येत होतं. मी कार्ड धरून उच्चार करायचो, पोरगं अडकायचं, आणि कणीक मळता मळता ती अर्थ सांगून मोकळी व्हायची. पुढे पुढे मुलं अडकली की माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघायची.

शिकवण्याबरोबर दुभाष्याचं काम होतं. त्या कामाचा मला जास्त गर्व आहे, आणि तो का ते कळायला श्रीनिवासशेठ माहीत हवेत. त्यांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्हींत हिंदी. नवे माग उभे करून द्यायला वांग नावाचा तंत्रज्ञ आला होता, आणि सकाळपासून सूत तुटत होतं. शेठ मला म्हणाले, “सर, याला विचारा, याच्या बापानं तरी कधी माग बघितला होता का?”

मी वांगला म्हणालो, “मालक विचारतात, हा धंदा तुमच्या घरात पिढीजात आहे का?”

वांगला बरं वाटलं. म्हणाला, नाही, वडील शेतकरी होते. मग मागाकडे हात करून म्हणाला, हे लोक मागाला तेल देत नाहीत, माग तेलात तळतात. आणि या मालकाला बंद करायचा खटका कुठे असेल तर तो मला आधी दाखवा.

मी शेठना म्हणालो, “ते म्हणतात तेल जरा कमी करा. आणि आवाजाचा त्रास होतोय.”

“मग? मी तेच तर बोंबलतोय की,” शेठ म्हणाले. “लई आवाज आहे मागाला.”

संध्याकाळपर्यंत माग चालू झाले. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. त्या फोटोत मी नाही, आणि दुभाष्यानं नसावंच. दोन माणसं एकमेकांना जे बोलतात त्यातलं कामाचं तेवढं पुढे द्यायचं आणि उरलेलं स्वतःपाशी ठेवायचं, ही माझी कामाची रीत होती. उरलेलं मी घरी नेत असे. जेवताना कुंदाला दोन्ही बाजू जशाच्या तशा ऐकवत असे, आवाजासकट. अस्सल भाषांतर मी आयुष्यात फक्त तिच्यासमोर केलं.

मग फोन भाषांतर करायला लागले. मिस्त्री फोन हातात धरून तंत्रज्ञाशी बोलायचे आणि त्यांना माझी गरज उरली नाही. सुरुवातीला मला एक-दोनदा पुन्हा बोलावणं आलं, ते मात्र भांडण मिटवायला. फोननं शेठचं वाक्य जसंच्या तसं पोचवलं होतं. पण लोक शिकतात. फोनसमोर जपून बोलायला लागले. वर्गाचे बाक रिकामे होत गेले.

कुंदा गेल्या पावसाळ्यात गेली. आजार लांबला नाही, तेवढंच तिच्या मनासारखं झालं.

भेटायला येणारे येत होते. प्रत्येकजण आत येऊन खाली बघत बसायचा, मग फोटोकडे बघायचा, मग ‘कसं झालं’ विचारायचा. मी तेच सांगून सांगून इतका सफाईदार झालो होतो की मधेच कुणी उठलं तर उरलेलं पुढच्या माणसाला सांगितलं असतं. त्यातच एक दिवस एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर. मी ओळखलं नाही, पण त्या दिवसांत ओळखीचं बंधन नसतं. मी पाणी दिलं. त्या रीतीप्रमाणे खाली बघत बसल्या, फोटोकडे बघून हात जोडले. मी सुरू केलं, “सोमवारी सकाळी जरा दम लागल्यासारखं...”

“सर,” त्या म्हणाल्या, “मला म्हाईत नव्हतं हो. पाटी बगून आले. आता विचारू का नको? चिनीची फी किती हाय?”

पाटी काढायची राहून गेली होती. मी सांगितलं, वर्ग बंद आहे. त्या उठल्या नाहीत.

त्यांचं नाव सुशीलाबाई. माहेर-सासर दोन्ही मोहोळकडचं, नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आता इथे जुळे सोलापुरातच टीव्हीसमोर. एकुलता एक मुलगा प्रशांत एका यंत्रांच्या कंपनीच्या नोकरीत चीनमध्ये, आणि तिथेच त्यानं मेई नावाच्या मुलीशी लग्न नोंदवलं होतं. आईला कळवलं ते नोंदवल्यावर.

“फोनवर दावली त्यानं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “मी म्हनलं, तिला सांग, माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय. अजून बी लई बोलले. ते आता तुमच्यापुढं बोलत न्हाय.”

“मग?”

“त्यानं तिला कायतरी सांगितलं. ती हसली आन् मला हात जोडले. मागनं मी त्याला विचारलं, काय रं सांगितलंस? तर म्हनतो, सांगितलं, आई म्हनतीय लवकर ये, वाट बगतीय. सर, तवापासनं ती पोरगी दर रविवारी फोन करती. आई म्हनती मला. थंडीची शाल धाडली. मी बोलले काय, आन् ती ऐकून बसली काय.”

मला त्या प्रशांतचं कौतुक वाटलं. कसबी माणूस होता.

“आता माझा राग गेला,” त्या म्हणाल्या. “पोरगी गुनाची हाय. पन ती जी माया धरून बसलीय ती मी दिलेलीच न्हाय की. त्यानं दिली, माझ्या नावानं. मला तिला खरं सांगायचं हाय. ती तिकडच्या नववर्षाच्या सुट्टीत हिकडं येतीया, त्याच्या आदी.”

मी म्हणालो, हे वाक्य मी लिहून देतो. नाहीतर फोन आहे. मराठीत बोला, तो चिनीत बोलेल.

“वा,” सुशीलाबाई म्हणाल्या. “शिव्या मी द्यायच्या आन् माफी फोननं मागायची व्हय?”

हिशेब चोख होता. शिवाय इतक्या दिवसांत मला ‘देवाची मर्जी’ न म्हणणारं हे पहिलं माणूस होतं. मी पत्रिकांचा डबा काढला.

सुरुवातीला मी वीज काढली, वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी विजेकडे बघितलं आणि विचारलं, “सुनेशी लिफ्टवर काय बोलू?” बरोबर होतं. मग मी ‘छ्र’ काढलं. छ्र म्हणजे खाणे. छ्र आणि भात, म्हणजे जेवणे. ‘जेवलीस का’ हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि पुढच्या रविवारी ते त्यांनी फोनवर स्वतःच्या तोंडानं टाकलं. मेई तिकडे ओरडलीच म्हणे. प्रशांतला वाटलं, आईला नाद लागलाय.

मग मी छ्रचा गोतावळा दाखवला. कडू खाणे म्हणजे कष्ट काढणे. भीती खाणे म्हणजे दचकणे. तोटा खाणे म्हणजे आपलंच नुकसान करून घेणे. व्हिनेगर खाणे म्हणजे, प्रेमातल्या माणसावरून जळणे. हे ऐकून कॉलेजची पोरं वह्यांत लिहून घ्यायची. सुशीलाबाईंनी नुसती मान हलवली.

“त्यात काय नवल,” त्या म्हणाल्या. “आपन शिव्या खातो, मार खातो, पैसं खातो. भाव खातो. आमचं मालक माझं डोकं खात्यात दिवसभर.”

माझ्या सगळ्या वर्षांत इतक्या लवकर ही भाषा कुणाला सापडली नव्हती, आणि त्यातच घोटाळा होता. त्यांनी ठरवून टाकलं की मराठी माणूस जे जे खातो ते सगळं चिनी माणूसही खातो. एका रविवारी मेईनं विचारलं, बाबा कसे आहेत? सुशीलाबाईंनी कष्टानं जोडून सांगितलं, ते माझं डोकं खातात. मेई गंभीर झाली. सोमवारी प्रशांतचा मला फोन, “सर, आईला नेमकं काय शिकवताय? हिनं रात्रभर मला प्रश्न विचारले.”

मी त्यांना म्हणालो, नवे शब्द आपण बनवायचे नाहीत. असलेले घ्यायचे. त्या म्हणाल्या, “बरं. पन कळलं का न्हाय तिला? कळलं की.”

एकदा त्या ‘काळीज खाली ठेवणे’ वर अडकल्या. उच्चार मी केला होता, अर्थ आठवेना. त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांना तिथल्या रीतीची काही कल्पना नव्हती, त्या फक्त नजर दुसरीकडे करून आठवत होत्या. मीही पडद्याकडे बघत होतो. मग मीच अर्थ सांगितला.

“आज पुरे,” सुशीलाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला. साखर कुठे आहे हे मला सांगता आलं नाही. ती त्यांनी शोधून काढली.

जे वाक्य सांगायचं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत माझ्याकडून पुरं बसवून घेतलं नाही. तुकडे मागितले. ‘त्या दिवशी’ कसं म्हणतात, ‘वाईट बोलणं’ कसं, ‘खोटं’ कसं. जोडायचं त्यांचं त्या बघणार होत्या. मी माझ्या रीतीप्रमाणे सुचवलं की जरा मऊ करता येईल. ‘मी काळजीत होते’ असं म्हणता येईल. त्यात खोटंही काही नाही.

“काळजीत कुटं होते? मी रागात होते,” त्या म्हणाल्या. “सर, तुमी पन त्याच्यातलंच हाय.”



सुट्टी लागली आणि प्रशांत-मेई आले. दोन-चार दिवसांनी सुशीलाबाईंनी मला जेवायला बोलावलं. फोनवरच बजावलं, “तुमी नुसतं बसायचं. मी अडकले तरी बोलायचं न्हाय. लईच झालं तर मी हात करीन.”

मी गेलो तेव्हा जमिनीवर ताटं मांडली होती. कडक भाकरी, वांगं, आणि तेल सुटलेली लालभडक शेंगाचटणी. नवरा पूजेला बसावं तसा टीव्ही बंद करून बसला होता, म्हणजे विषय गंभीर होता. प्रशांत हसतमुख, गोरागोमटा, दोन्ही बाजूंना पाणी देणारा. आणि मेई. बारीक चणीची, चष्मा लावलेली, कपाळाला घाम. पहिली भाकरी मोडली असेल-नसेल, सुशीलाबाईंनी हात पुसला आणि सुरू केलं.

चिनीत त्या जे बोलल्या ते मी मराठीत जसंच्या तसं देतो. “मेई. त्या दिवशी. पहिला फोन. मी तुला म्हणाले, येऊ नको. मी वाईट बोलले. हा म्हणाला, ये. हा खोटं बोलला. मी नाही म्हणाले ये.”

मेईनं प्रशांतकडे बघितलं. प्रशांत ताबडतोब चिनीत म्हणाला, “आईला म्हणायचंय की तेव्हा तिला तुझी फार...”

“तू गप,” आई मराठीत म्हणाली.

मग मेईनं माझ्याकडे बघितलं. “सर, हे खरं आहे?”

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. चांगलं वाक्य होतं, दोघींनाही आवडलं असतं. आयुष्यभर असली वाक्यं बनवली आहेत, ती आपोआप येतात. मी सुशीलाबाईंच्या हाताकडे बघितलं. हात मांडीवरच होता. मी मेईला म्हणालो, “त्यांनाच विचारा.”

मेई त्यांच्याकडे वळली आणि एक-एक शब्द सुटा करून म्हणाली, “आणि रविवार? तेही यानंच केलं?”

सुशीलाबाईंना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग त्यांचा चेहरा उजळला. “रविवार माझा,” त्या म्हणाल्या. “जेवलीस का, ते माझं. मी शिकले. हा नाही.”

मेई रडेल असं मला वाटलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आणि म्हणाली, “मग मीपण खरं सांगू?” तिनं समोरच्या चटणीकडे बोट केलं. “ही मला खाता येत नाही. आल्या दिवसापासून. पोटात आग होते. मी रोज याला सांगते, आईंना सांग. हा तुम्हाला सांगतो, आणि तुम्ही आणखी वाढता.”

सुशीलाबाईंना ‘आग’ कळलं, ‘पोट’ कळलं, ‘रोज’ कळलं. त्या सावकाश मुलाकडे वळल्या. “ती रोज काय म्हनती? मला तर म्हनलास, चटणी लई आवडली, अजून दे म्हनती.”

“आई, अगं तुला वाईट वाटलं असतं...”

“तिच्या पोटात जाळ, आन् मला वाईट वाटू नये?”

मेईनंही त्याला चिनीत तेच विचारलं, आणि तो त्याच केविलवाण्या सुरात तिकडे तेच उत्तर देऊ लागला. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, त्याच्याशी आणि एकमेकींशीही. सुशीलाबाई म्हणत होत्या, निदान भाकरी तरी खायला पाहिजे, वाळून चाललीय. मेई म्हणत होती, भाकरी चालेल, पण ताट रिकामं झाल्याबरोबर पुन्हा भरू नका, मला ‘बास’ म्हणता आलं पाहिजे. सुशीलाबाई म्हणत होत्या, पाव्हणं बास म्हनत्यात तेच्यावर कुनी जातंय व्हय? अर्धी वाक्यं चिनी, अर्धी मराठी, आणि बाकीचा हातवारा. सासू-सुनेचं पहिलं भांडण. मधे माणूस नसल्यामुळे ते व्यवस्थित चाललं होतं.

प्रशांतनं माझ्याकडे बघितलं. “सर, तुम्ही तरी सांगा ना दोघींना.”

“मला नुसतं बसायला बोलावलंय,” मी म्हणालो.

सुशीलाबाईंनी मेईच्या ताटातली चटणी उचलली आणि सगळी प्रशांतच्या ताटात घातली. “आवडती ना? खा.” त्यानं खाल्ली. मग मेई मला म्हणाली, “सर, तुम्हीही हेच काम करायचात ना? लोक बोलायचे ते असंच बदलून सांगायचात?”

“आयुष्यभर,” मी म्हणालो.

तिनं वाटीतली उरलेली चटणी चमच्यानं माझ्या ताटात वाढली. दोन्ही हातांनी, अगदी आदरानं. सुशीलाबाईंना कारण विचारावं लागलं नाही. त्यांनी वर तेल सोडलं.

कुंदा गेल्यापासून मी दुसऱ्याच्या घरी जेवलो नव्हतो. घास घेतला. कानांपर्यंत गेला. “छान झालीय,” मी मराठीत म्हणालो.

मेईनं सासूला विचारलं, काय म्हणाले?

सुशीलाबाईंनी मला नीट निरखून बघितलं आणि तिला चिनीत सांगितलं, “खोटं बोलतोय.” उच्चार स्वच्छ होता, स्वरांचे चढउतार सगळे जागच्या जागी.